ऐकू आलं की बटण दाबा

ऐकू आलं की बटण दाबा,
हे वाक्य मी दिवसातून तीस वेळा बोलते.
मिरजेत, दवाखान्याच्या मागच्या अंगाला
स्पंज लावलेली एक कपाटाएवढी खोली आहे,
तिच्या काचेबाहेर बसून
मी लोकांच्या कानांचे आलेख काढते.
पाचशे, हजार, चार हजार, आठ हजार.
काहीजण ऐकू न येताच दाबतात.
बायका जास्त. त्यांना नापास व्हायचं नसतं.

दस्तगीरचाचा त्यातले नाहीत.
बोटांच्या पेरांत पॉलिशचा तांबडा रंग घेऊन आले,
डोळे मिटून बसले,
आणि चार हजारांच्या पुढे एकदाही दाबलं नाही.
मी आवाज वाढवत गेले, यंत्र संपलं.
"खोटं कशाला बोलू," बाहेर येऊन म्हणाले,
"वरचं गेलं. जवारी आता दातानं लावतो."
म्हणजे तंबोऱ्याच्या दांडीला दात टेकवून
बहात्तराव्या वर्षी ते षड्ज हाडातून घेतात.
शास्त्राप्रमाणे याचा फारसा उपयोग व्हायला नको.
मी तसं लिहून दिलं.
त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

त्याच आठवड्यात एस्तेर सिस्टरनी भडंग आणलं,
पुडीवर बातमी होती, अर्धी:
पाणी तोडलं की टोमॅटोचं रोप आवाज करतं.
टिक. टिक.
तासाला तीस-चाळीस वेळा.
पाणी दिलेलं रोप जवळजवळ गप्प.
माणसाला कळत नाही, फार वरचा सूर,
चाळीस हजार, साठ हजार.
(माझं यंत्र आठ हजारांवर मान टाकतं.)
पुढचं तेलात गेलं होतं,
तिथे एक शेंगदाणा चिकटलेला.

पुढचं रात्री भाचीनं, कस्तुरीनं, फोनवर काढून दिलं:
खोडातल्या बारीक नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटतात,
बहुधा त्यांचा तो आवाज.
रोप हाक मारतं असं कुणी म्हटलेलं नाही.
पण पतंगाची एक मादी तो ऐकते
आणि टिकटिकणाऱ्या रोपावर अंडी घालायचं टाळते.
"भारी ना, मावशी?"
हो म्हटलं. झोप मात्र लागली नाही.
सतरा वर्षं मी ऐकू येण्याची हद्द आखते आहे
आणि हद्दीपलीकडे भाजी वाजत होती.

सांगायला लाज वाटते,
पण गॅलरीतल्या रंगाच्या डब्यातलं रोप
मी चार दिवस मुद्दाम कोरडं ठेवलं.
शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ते खोलीत नेलं,
चाचांच्या खुर्चीवर बसवलं, दार लावलं,
आणि समोर फरशीवर बसले.
त्या खोलीत काही येत नाही.
जंक्शनवरून मालगाडी सुटली तर
मांड्यांना कळतं तेवढंच.
दहा मिनिटांत मला माझं रक्त ऐकू आलं,
गिळलेला आवंढा,
घड्याळाच्या पट्ट्याचं चामडं.
रोपाचं काही नाही.
पानं मात्र माझ्या देखत आणखी उतरली,
की मला वाटलं तसं.
एस्तेर सिस्टर काचेत दिसल्या. हातानं विचारलं, काय?
मी हातानंच सांगितलं, टेस्ट.
त्या गेल्या आणि पाण्याची बाटली घेऊन आल्या,
कुणासाठी ते बोलल्या नाहीत.

कानातलं यंत्र न्यायला चाचा आले तेव्हा सगळं सांगितलं.
आधी हसले. मग बराच वेळ
ते इवलंसं यंत्र तळहातावर फिरवत राहिले.
"आमचा भोपळा वर्ष वर्ष टांगून वाळतो," म्हणाले,
"तेव्हा काय काय बोलून जात असेल.
आम्ही नंतर तारा लावतो
आणि सांगत सुटतो, आम्ही बोलता केला."
खिडकीतल्या डब्यावर त्यांनी बोटाचं पेर वाजवलं,
कान न लावता.
"ओलं आहे," म्हणाले, आणि गेले.

पुढच्या बाई आत बसल्या, पदर सावरून.
ऐकू आलं की बटण दाबा, म्हटलं.
मग म्हटलं,
नाही आलं तर नुसतं बसा, चालतं.
त्यांनी मान डोलावली.
मी अजून आवाज सोडलाच नव्हता,
आत दिवा लागला.